अठ्ठावीस आटे

परशरामनं लांब लोखंडी चावी चेंबरमध्ये सोडली. खाली वॉलच्या डोक्यावर ती बसल्याचा टक् असा आवाज आला, तसं त्यानं विठ्ठलाचं नाव घेऊन पहिला आटा फिरवला. दुसऱ्या आट्याला पुन्हा नाव, तिसऱ्याला पुन्हा. या वॉलचे आटे सतरा, म्हणून नामही सतरा वेळा. बेळगावातल्या अनगोळच्या गल्ल्यांत पाणी सोडायची आणि फुटके पाइप सांधायची नोकरी लागल्यापासून बत्तीस वर्षं तो असाच मोजत आला होता, आणि एकदाही चुकला नव्हता.

सतरावा आटा पुरा झाला. जमिनीखाली आधी गुरगुर, मग हवा सुटल्याची फसफस, आणि मग एक लांब सूर. आठ दिवसांनी गल्लीत पाणी आलं. दारोदारच्या घागरी, कळश्या, बॅरलं एकदम जागी झाली. परशरामचा हा फार आवडीचा क्षण. महाराजांनी अभंगाचं चरण सोडावं आणि मागच्या टाळकऱ्यांनी ते एका दमात उचलून धरावं, तसं त्याला वाटायचं.

चावी खांद्यावर टाकून तो निघणार, तोच समोरच्या दारातून मनुबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"आलं बाई पाणी! अण्णा, भरमू कुठं हाय ओ?"

"भरमू कशाला पायजे? वॉल म्या सोडलाय की."

"तसं न्हवं. चहा ठेवलाय त्याच्यासाठी, आलं घालून. काल त्यानं मेसेज टाकलता, सकाळी सहाला पाणी येतंय म्हणून. बघा तर, सहाच्या ठोक्याला आलं! काय माणूस हाय!"

परशरामनं चावी खांद्यावरून खाली टेकवली. सहाच्या ठोक्याला यावं म्हणून येळ्ळूरहून पावणेपाचला सायकल हाणत आला होता तो, आणि शाबासकी त्या मोबाइलवाल्याला.

"तुमी पण घ्या की," मनुबाई मायेनं म्हणाली, "अर्धा कप."

अर्धा! तो शब्द परशरामला दिवसभर कुसळासारखा टोचत राहिला.

भरमू आठ महिन्यांपूर्वी निपाणीहून बदली होऊन आला होता. पंचेचाळिशीचा, अंगानं आटोपशीर, कायम हसतमुख. आल्या आल्या त्यानं काय केलं, तर प्रत्येक गल्लीचा मोबाइलवर एक ग्रुप काढला. पाणी कधी येणार, कधी बंद होणार, कुठं काम चाललंय, सगळं तो आधी कळवायचा. त्याआधी बत्तीस वर्षं पाणी कधी येणार हे फक्त दोघांना ठाऊक असायचं, एक देवाला आणि एक परशरामला. बायका त्याला वाटेत गाठायच्या, "अण्णा, आमच्याकडं कधी?" असं अजिजीनं विचारायच्या, आणि परशराम आभाळाकडं बघून म्हणायचा, "बघू. सोडतो की." त्या 'बघू'त त्याचा सगळा मान होता. भरमूनं तो मान मोबाइलवर फुकट वाटून टाकला होता.

बरं, माणसात खोट काढावी तर तीही सापडेना. कानडी घरातली एखादी म्हातारी दारातून "नीर यावाग बरतैत्री?" असं विचारायची, तेव्हा भरमू सायकलवरून उतरून, तिच्या उंबऱ्यापाशी जाऊन, पाणी कधी येणार ते तिच्याच सुरात सांगायचा. कानडी परशरामलाही येत होतंच. सगळ्यांनाच येतं. पण भरमूचं कानडी 'किती गोड' म्हणून गल्लीभर झालं. भरमूचा बूट, भरमूची पिशवी, भरमूनं सांधलेला पाइप कसा कोरडा ठणठणीत राहतो, हे सगळं परशरामच्या कानावर येत राहिलं, आणि प्रत्येक वेळी आत काहीतरी आंबत गेलं.

घरी जावं तर तिथंही तेच. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता त्याची बायको शालूबाई म्हणाली, "अवो, त्या भरमूला एकदा जेवायला बोलवा की. बायकापोरं निपाणीत, एकटाच ऱ्हातोय म्हणं बिचारा."

"तुला कुणी सांगितलं?"

"मनुआक्का बाजारात भेटलती. लई गुणाचा हाय म्हणत होती."

"बेळगावात खानावळी काय कमी हायत व्हय?" परशराम ताटावरून अर्धवटच उठला. शालूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. नवऱ्याची नाडी तिला ठाऊक होती. माणूस देवभोळा, कीर्तन म्हटलं की तहानभूक विसरणारा, कुणाचा पाइप फुटला तर जेवत्या ताटावरून पळणारा. पण हा भरमू आल्यापासून त्याच्या तोंडावरचं तेज गेलं होतं.

त्यात उपासना मॅडमनी नकाशाचं काम काढलं.

मॅडम निपाणीच्याच, तिशीच्या इंजिनियर, बोलायला नेमक्या. अनगोळच्या जमिनीखाली कुठून कुठला पाइप गेलाय, याचा धड कागदच खात्याकडं नव्हता. कुणी साठ वर्षांपूर्वी ओतीव बीडाचा पाइप टाकला, कुणी मध्येच प्लास्टिकचा जोडला, कुणी वॉलवर डांबर ओतून रस्ता केला. सगळा नकाशा होता तो परशरामच्या डोक्यात. मॅडमनी त्याला बोलावून नीट सांगितलं.

"अण्णा, तुमच्याकडचं सगळं मला उतरून पाहिजे. वॉल कुठं, किती इंची, किती आट्यांत बंद होतो. उद्या तुम्ही निवृत्त झालात तर आम्ही काय जमीन उकरत बसायचं?"

त्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पण परशरामच्या कानांनी ऐकलं ते एवढंच, की तुमच्या डोक्यातलं काढून द्या, मग तुमचं काम संपलं. आणि मॅडमच्या शेजारी टेप धरून उभा होता भरमूच.

चार दिवस तिघं गल्ली गल्ली फिरले. परशराम पायानं जागा दाखवायचा, भरमू टेप लावायचा, मॅडम वहीत लिहायच्या. तिसऱ्या दिवशी ते विठ्ठलाच्या देवळाजवळ आले. तिथं पानपट्टीच्या खोक्याला लागून एक जुना चेंबर होता. त्याच्या तळाशी होता आठ इंची मोठ्या लाइनीचा वॉल. अनगोळच्या अर्ध्या भागाचं पाणी त्याच्यातून जायचं. तो कायम उघडाच असायचा. परशरामनं तो सगळ्या नोकरीत दोनदा बंद केला होता.

आणि तो वॉल उलटा होता.

कुठल्याशा जुन्या कारखान्यातून आलेले असे चार वॉल अनगोळात बसवलेले होते. बाकी सगळ्या गावाचे वॉल उजवीकडं फिरवले की बंद होतात. हे चार डावीकडं. परशरामच्या मिस्त्रीनं त्याला हे पहिल्याच वर्षी चेंबरमध्ये उतरवून, हाताला धरून दाखवलं होतं. मिस्त्री वारल्यावर ही गोष्ट जाणणारा परशराम एकटाच उरला.

"हा किती आट्यांचा?" मॅडमनी विचारलं.

"अठ्ठावीस," परशराम म्हणाला.

मॅडमनी लिहिलं. भरमूनं चेंबरमध्ये वाकून बघितलं. "लई जुना दिसतोय, अण्णा. काय सांभाळायचं हाय व्हय ह्याचं?"

परशरामच्या ओठांवर शब्द आला होता. अगदी आला होता. पण भरमू वर बघत हसला, ते सगळ्यांना आवडणारं हसू, आणि शब्द माघारी गेला.

"काय न्हाय. वॉलसारखा वॉल."

खोटं बोललो नाही, असं त्यानं घरी जाताना सायकलवर स्वतःला समजावलं. अठ्ठावीस म्हटलं, ते अठ्ठावीसच आहेत. कुठल्या बाजूला ते कुणी विचारलं नाही. आणि सगळंच काढून दिल्यावर माझ्याकडं राहिलं काय? असावं माणसाजवळ काही आपलं. त्या रात्री हरिपाठ म्हणताना मात्र त्याचे टाळ दोनदा चुकीच्या ठिकाणी वाजले, आणि त्यानं तो दोष थंडीवर ढकलला.

पुढं महिन्याभरात देवळातला हरिनाम सप्ताह आला. सात दिवस पारायण, काकडा, रोज कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन तीन हजार माणसांचा महाप्रसाद. या सप्ताहाच्या पाण्याची सेवा एकोणीस वर्षं परशरामकडं होती. आचाऱ्यांच्या हौदात पाणी भरणं, पंगतीला पाणी कमी पडू न देणं, भांडी घासायच्या नळाला धार ठेवणं. शेवटी महाराज त्याला जवळ बोलावून हातात नारळ द्यायचे. पगाराच्या नोकरीत कुणी नारळ देत नाही. त्या एका नारळासाठी परशराम वर्षभर जगायचा म्हटलं तरी चालेल.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी कमिटीचे नागोजीआप्पा त्याला देवळाच्या पायरीवर भेटले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"परशराम, यंदा पाण्याचं भरमू बघतोय. तू निवांत कीर्तनाला बस."

"म्हंजे?"

"म्हंजे काय, आराम कर की गड्या. वय झालं तुझं."

वय झालं! परशराम "बरं" म्हणाला, पायरीवरून उतरला, आणि घरी पोचेपर्यंत त्याला रस्ता दिसला नाही. शालूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाला, "ठेव. आता पाण्याचं बघायला दुसरा हाय."

सहा दिवस तो कीर्तनाला बसला, पण कीर्तन त्याला लागलं नाही. कीर्तन ऐकायला कान लागतात हे खरं, पण त्याहून जास्त लागते ती रिकामी ओंजळ. परशरामच्या ओंजळीत भरमू बसला होता. महाराज भक्ताची कथा सांगत, आणि परशराम मंडपाच्या कनातीआडून बघत राही, की हौदापाशी भरमू काय करतोय, कुठं पाणी सांडतंय का, कुठं नळ कोरडा पडतोय का. पडेना. एकदाही पडेना. बायका भरमूला "जेवलास काय रं?" म्हणून विचारताना दिसायच्या, आणि महाराजांचं अख्खं निरूपण हवेत जायचं.

सातव्या दिवशी सकाळी दहाला काल्याचं कीर्तन उभं राहिलं. मंडप गच्च भरला. महाराज रंगात आले होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची दशमी, कुणाचा आंबलेला भात, कुणाची कालची भाकरी. एका गोपाळानं आपली भाकरी लाजून धोतराच्या सोग्यात लपवली, तर देव सगळं सोडून नेमका त्याच्याच सोग्याला जाऊन लोंबकळला, असं महाराजांनी स्वतः उपरण्याला लोंबकळून दाखवलं. मंडप हसून लोटपोट झाला. परशरामही हसला. सात दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात बाहेर गलका झाला.

मनुबाई गर्दीतून वाट काढत नागोजीआप्पांपाशी आली. नेसणं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आप्पा परशरामच्या शेजारीच बसले होते, त्यामुळं तिचं बोलणं त्याला शब्द न् शब्द ऐकू आलं.

"आप्पा, लाकडाचा ट्रॅक्टर गेला न्हवं आचाऱ्याच्या मांडवाकडं, त्याच्या चाकाखाली मोठा पाइप उखडला बघा. हे एवढं कारंजं! पाणी चुलींकडं निघालंय. दोन चुली इझल्या."

"भरमू कुठं हाय?"

"त्यो पानपट्टीपाशी वॉल बंद करालाय. पण वॉल जाम झालाय म्हणं. दांड्याला पाइप अडकवून चौघं जोर लावालेत."

परशरामला ते इथं बसून दिसत होतं. भरमू उजवीकडं फिरवतोय. वॉल आधीच पुरता उघडा आहे, तो उजवीकडं आणखी कुठं जाणार? तो अडणारच. आणि चौघांनी लांब दांड्यानं जोर लावला तर आतला साठ वर्षांचा आटेदार दांडा मुळासकट मोडणार. मग तो वॉल कुणाच्या बापाला बंद होणार नाही.

आणि खरं सांगायचं, तर त्या क्षणी त्याला आधी झालं ते दुःख नव्हतं. त्याला गोड वाटलं. गुळाचा खडा जिभेवर विरघळावा तसं. मोडू दे. कळू दे एकदा सगळ्यांना. मोबाइलवर मेसेज टाकणं वेगळं आणि अनगोळचा वॉल फिरवणं वेगळं. मग धावत येतील इथंच, या सतरंजीवर, अण्णा अण्णा करत. तेव्हा उठू. सावकाश उठू.

महाराजांनी अभंगाचं पुढचं चरण धरलं. टाळ वाजायला लागले. परशरामही टाळ्या वाजवू लागला.

ते चरण संपत आलं तशी त्याच्या बुडाखालची सतरंजी त्याला तापल्यासारखी वाटू लागली. तो जरा हलला, तर नागोजीआप्पांनी त्याची मांडी दाबली.

"तू बस रं. तुला उठवायचं न्हाय असं ठरलंय."

"कुणी ठरवलंय?"

"भरमूनं. सांगू नका म्हणालता, पण आता सांगतो." आप्पा त्याच्या कानाशी लागले. "महिन्यामागं माझ्याकडं आलता. म्हणाला, आप्पा, परशरामण्णाला कीर्तनाचं एवढं वेड, आणि एकोणीस वर्षांत माणसानं काल्याचं कीर्तन पुरं ऐकलेलं न्हाय. निम्म्यातनं पाण्यासाठी उठतोय. यंदा पाण्याचं मी बघतो, त्यांना बसवा. काय बी झालं तरी उठवायचं न्हाय, अशी मला आण घातलीया त्यानं."

परशराम उठला. कुणाच्या हातावर पाय पडला, कुणाच्या टाळावर पडला, त्याला कळलं नाही. बायकांच्या बाजूनं, चपलांच्या ढिगावरून, अनवाणी तो पानपट्टीकडं पळाला.

"थांबा! डावीकडं! भरमू, डावीकडं फिरव!"

छप्पन्न वर्षांचा माणूस किती पळणार. तो कोपऱ्यावर वळला तेव्हा चौघं जण दांड्याला छाती लावून "हैय्या" म्हणत होते, आणि त्याच्या "डावीकडं"वर चेंबरमधून कडाक् असा आवाज चढला. चौघंही एकमेकांवर कोसळले. दांडा मोकळा गरगर फिरू लागला.

रस्त्याच्या पलीकडं कारंजं तसंच उडत होतं.

भरमू चिखलात बसला होता. त्याच्या तोंडावर रंग नव्हता. "मोडला अण्णा," तो म्हणाला. "माझ्या हातनं मोडला."

परशरामनं पानपट्टीवाल्याचा फोन घेऊन टाकीवरच्या माणसाला मोठी लाइन बंद करायला सांगितलं, तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायला लावली, आणि भरमूबरोबर स्वतः ती पोती चुलींच्या आड रचली. बाप्ये, बाया, जो तो पोती ओढू लागला. अर्ध्या तासानं कारंजं खाली बसलं. आमटी वाचली, भात वाचला. येळ्ळूरहून कुणाच्या तरी विहिरीवरून पाण्याचे दोन टँकर निघाले. पण टाकीच बंद झाल्यामुळं अर्ध्या अनगोळचं पाणी गेलं होतं, आणि पाइप सांधून वॉल बदलेपर्यंत, म्हणजे निदान चार दिवस, ते येणार नव्हतं.

उपासना मॅडम स्कूटरवरून आल्या. चेंबरमध्ये वाकून मोडका दांडा बघितला आणि भरमूकडं वळल्या.

"अडलेल्या वॉलवर पाइप लावून जोर लावायचा असतो का? वीस वर्षं नोकरी झाली तुमची. मला लेखी खुलासा पाहिजे."

"चूक माझीच हाय, मॅडम," भरमू खाली बघत म्हणाला. "चुली इझालत्या, मला घाई झाली."

भोवती पंधरावीस माणसं होती. मनुबाई होती, नागोजीआप्पा होते. कीर्तनातून पुन्हा हशा ऐकू आला, काला रंगात आला असावा. परशराम गप्प राहिला असता तर ते तिथंच मिटत होतं. खुलासा भरमूनं लिहिला असता, शिक्षा भरमूला झाली असती, आणि पुढच्या वर्षी सप्ताहाचं पाणी आपसूक त्याच्याकडं परत आलं असतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. लबाड मनाला हिशेब करायला किती वेळ लागतो?

"चूक त्याची न्हाय," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले.

"वॉल उलटा हाय. डावीकडं बंद होतोय. मला ठावं होतं. नकाशाच्या येळंला मॅडमनी विचारलं, त्यानं बी विचारलं. म्या सांगितलं न्हाय."

"विसरलात का?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात अजून एक दार उघडं होतं. परशरामला ते दिसलं. त्यातून निघून जाता आलं असतं.

"न्हाय. मुद्दाम."

मग मनुबाई बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "अण्णा, आठ दिवसांचं भरलेलं आज संपलंय, मग आता आणि चार दिवस आमी पाणी कुठनं आणायचं ओ? माझी सून बाळंतीण हाय घरात."

भरमू चिखल तुडवत परशरामसमोर आला. त्याच्या तोंडावर हसू नसताना तो निराळाच माणूस दिसत होता, थकलेला, घर लांब असलेला.

"माझं काय चुकलंतं अण्णा? सांगा तर खरं. मी तुमास्नी काय केलतं?"

"तू काय केलं न्हाईस रं," परशराम म्हणाला. "तुझ्यात काय चुकीचं सापडंना, तेच मला सोसवंना. लोक तुला बोलवालेत, तुझ्याशी हसून बोलालेत, तुझी वाट बघालेत. माझं पोट जळालतं. आठ महिने जळालतं. दुसरं काय बी कारण न्हाय."

इतकं उघडं बोलणं ऐकायची कुणाला सवय नसते. नागोजीआप्पांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. भरमूनं लोखंडी चावी उचलून भिंतीला टेकवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. म्हणायला पाहिजे होतं असंही नाही.

मॅडमनी स्कूटरच्या डिकीतून नकाशाची वही काढली.

"खुलासा तुम्ही लिहायचा, परशराम अण्णा. नोटीस निघेल. त्यात मी काही करू शकत नाही, आणि करणारही नाही."

"निघू दे."

"ते उद्या. आज मला सांगा, असे अजून किती आहेत?"

"उलटे तीन. पण न सांगितलेलं लई हाय, मॅडम. प्राथमिक शाळेमागं दोन पाइप एकमेकावर हायत, वरचा मेलेला, खालचा जिता. कुंभार गल्लीतला जोड शिशाचा हाय, त्याला क्लँप बसत न्हाय, ताग ठोकून नवं शिसं ओतावं लागतंय. चव्हाट्याच्या वॉलचे शेवटचे चार आटे फिरवायचे न्हाईत, फिरवले की खालच्या गल्लीला गढूळ येतंय."

मॅडम लिहू लागल्या, तोच नव्या वॉलच्या चौकशीसाठी त्यांचा फोन वाजला. त्यांनी वही आणि पेन भरमूच्या हातात दिलं आणि बाजूला गेल्या.

भरमू उखडलेल्या पाइपाच्या तुकड्यावर बसला. ओले हात त्यानं शर्टाला पुसले. "सांगा," एवढंच म्हणाला, वर न बघता.

परशराम त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि सांगू लागला. टाकीपासून सुरुवात केली, मग मोठी लाइन, मग एकेक फाटा. कुठला चेंबर कुणाच्या तुळशीकट्ट्याखाली गेलाय, कुठल्या वॉलला आधी दोन आटे मागं घेऊन मग पुढं न्यावं लागतं, कुठं सळईला कान लावला की खरी गळती ऐकू येते आणि कुठं नुसता गटारीचा भास होतो. मिस्त्रीनं सांगितलेलं, स्वतः ठेचा खाऊन शिकलेलं, शालूबाईलाही कधी न सांगितलेलं. महाराजांचा गजर झाला, काला वाटला गेला, दुपारी तीनला पंगती बसल्या. परशराम सांगतच होता. नागोजीआप्पा दोघांसाठी दोन पत्रावळ्या घेऊन आले, बाजूला ठेवून गेले. भाताची वाफ निघून गेली.

एकदोनदा भरमूनं थांबवून विचारलं, "कुठल्या बाजूला म्हणालासा?" आणि परशरामनं पुन्हा सांगितलं. एकदा तर त्यानं भरमूचं मनगट धरून हवेतच आटा फिरवून दाखवला. भरमूनं हात काढून घेतला नाही.

सांगता सांगता परशरामला फार हलकं वाटत होतं, आणि आतून रितंही. आता या जमिनीखाली त्याचं एकट्याचं असं काही उरलं नव्हतं. पांडुरंगा, त्यानं मनाशी म्हटलं, घे बाबा, एवढा एक मत्सर तेवढा घे. बाकी कशाबद्दल मी तुला कधी त्रास दिला नाही.

मग भरमूनं पान उलटण्यासाठी वही त्याच्या बाजूला तिरकी केली, आणि परशरामची नजर पानावर गेली. ओळी सरळ, मात्रा जागच्या जागी, आकडे मोत्यासारखे. ओल्या हातानं, मांडीवर वही ठेवून लिहिलेलं.

अक्षरही लेकाचं सुरेख होतं.